गाव : एक अभ्यासपत्रिका, गुण शंभर

मराठीच्या एम.ए.ला गाव हा विषय आहे. 'ग्रामीण साहित्य' नावाची अभ्यासपत्रिका कुठे सक्तीची, कुठे ऐच्छिक म्हणून लावलेली असते. प्रेरणा, स्वरूप, वैशिष्ट्ये आणि मर्यादा अशा घटकांत गावाची वाटणी झालेली असते आणि शेवटी 'टिपा लिहा' येते. त्याच वर्गात मागच्या बाकांवर गावाहून आलेली मुलेमुली बसलेली असतात. दुष्काळ, सावकारी, मोडलेले घर, आईची रोजंदारी या गोष्टींवर त्यांना टिपा लिहायच्या असतात, आणि त्या अशा परिभाषेत लिहायच्या असतात की त्यांच्या स्वतःच्या जगण्याचा कुठलाही पुरावा उत्तरपत्रिकेत राहू नये. गाव अभ्यासाला चालते. गावाहून आलेला मात्र 'कच्चा' असतो, 'भाषा सुधारायला हवी' असा असतो, 'हुशार आहे, पण' असा असतो. हा विरोधाभास आमच्या विभागांच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणाला विरोधाभास वाटतच नाही. आम्ही, म्हणजे ज्यांनी एकेकाळी हाच प्रवास केला आणि आज त्याच वर्गात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत, त्याविषयी काही स्पष्ट बोलू इच्छितो.

खेड्यातून विद्यापीठात येण्याविषयी आपल्याकडे दोनच कथा प्रचलित आहेत. पहिली सत्काराची. प्रतिकूल परिस्थिती, कंदिलाचा उजेड, अनवाणी पाय आणि अखेरीस शाल-श्रीफळ. या कथेत मुलाची जिद्द हाच नायक असतो आणि परिस्थिती ही जणू त्या जिद्दीला उठाव यावा म्हणूनच निर्माण झालेली असते. दुसरी कथा विलापाची. शहराने मुलगा बिघडवला, माती विसरला, ना घरचा ना घाटाचा झाला. वरवर पाहता या दोन कथा परस्परविरोधी आहेत. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे : जे काही घडले त्याला तो मुलगा किंवा ती मुलगी जबाबदार. यशाचे श्रेय त्याचे, अपयशाचा दोषही त्याचाच. विद्यापीठ नावाची संस्था मात्र दोन्ही कथांत नेपथ्यासारखी मागे उभी. तिला कोणी प्रश्न विचारत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

हा प्रश्न नवा नाही, आणि तो व्यक्तिगत जिद्दीचा आहे असे ज्यांनी कधीच मानले नाही अशी माणसे याच प्रदेशात होऊन गेली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी मांडलेला मुद्दा अत्यंत व्यवहारी होता : महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावर तो खर्च होतो वरिष्ठ वर्गाच्या मुलांसाठी. म्हणजे विद्यापीठात येणारा शेतकऱ्याचा मुलगा याचक म्हणून येत नाही. त्याच्या घराने त्या इमारतीचे पैसे आधीच भरलेले आहेत. पुढे १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले की जिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि जेवत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली, आणि १९५० साली महाविद्यालय काढण्यासाठी तेव्हाच्या औरंगाबादची निवड केली, कारण मराठवाड्यातल्या मुलाला मुंबई फार लांब होती. या सर्वांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती : शिकण्याचा प्रश्न हा आधी निजण्याचा आणि जेवण्याचा प्रश्न असतो. वर्ग नंतर येतो, खोली आधी.

आपण हा क्रम उलटा केला. आता प्रवेश आधी होतो, तासिका सुरू होतात, आणि वसतिगृहाची यादी मागाहून सावकाश लागते. मधल्या दिवसांत गावाहून आलेला विद्यार्थी कुठे झोपतो, याची नोंद विद्यापीठाच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही. तो ओळखीच्याच्या खोलीत, दोन कॉटच्या मध्ये सतरंजी टाकून झोपतो. यादीत नाव लागले नाही तर वर्षभर तसाच राहतो. वसतिगृहांच्या बोलीत अशा विद्यार्थ्याला एक नाव आहे : 'पॅरासाइट'. बांडगूळ म्हणायचे ते इंग्रजीत म्हटले, एवढेच. मुले हा शब्द थट्टेने वापरतात, ती आपापसांत तो हसून सोसतात. पण साहित्याच्या विद्यार्थ्यांना शब्दांचा हिशेब मागायचा तर या शब्दाचाही मागितला पाहिजे. ज्याच्या घराने भरलेल्या महसुलावर ही झाडे वाढली, तोच येथे बांडगूळ ठरतो, हे रूपक कोणत्या समीक्षेच्या पुस्तकात बसवायचे?

कोणी म्हणेल, आता जिल्ह्याजिल्ह्यांत विद्यापीठे झाली, मग मुले पुण्यालाच का धावतात? प्रश्न रास्त आहे. पुणे विद्यापीठ १९४९ चे, मराठवाडा १९५८ चे, शिवाजी १९६२ चे. त्यानंतर जळगावला १९९०, नांदेडला १९९४, सोलापूरला २००४ आणि गडचिरोलीला २०११ साली विद्यापीठ आले. भूगोलाच्या हिशेबाने विद्यापीठ विद्यार्थ्याच्या जवळ आले हे खरे. एस.टी.ने येणारा डबा जिथवर पोहोचतो तिथवर घराचा हात पोहोचतो. जिल्ह्याचे गाव बहुधा त्या टप्प्यात असते, पुणे नसते. तरीही मुले पुण्याची वाट धरतात, कारण जवळ आली ती इमारत. शिक्षक, ग्रंथालय आणि संधी यांचे अंतर फारसे कमी झाले नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवणारा शिक्षक पुष्कळदा तासिका तत्त्वावर असतो. नेट झालेला, पीएच.डी. झालेला, आणि तरी तासांच्या मोजमापाने मानधन घेणारा. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते. हा शिक्षक कोण असतो? दहा-पंधरा वर्षांपूर्वी गावाहून विद्यापीठात गेलेला तोच मुलगा. विद्यापीठापर्यंतच्या प्रवासाचे गोडवे गाणाऱ्यांनी परतीच्या या तिकिटाचाही विचार करावा. सत्काराच्या कथेत हे प्रकरण नसते.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे साहित्याकडे वळू. या प्रवासाची मराठीतली सर्वांत ख्यातकीर्त कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). खानदेशातल्या एका गावातून पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परततो. एवढे कथानक. या कादंबरीवर आमच्या विभागांनी गेल्या सहा दशकांत जे लिहिले त्यात अस्तित्ववाद आहे, परात्मता आहे, काम्यू आणि काफ्का आहेत, सॅलिंजरच्या कादंबरीशी केलेली तुलना तर हमखास आहे. त्या चर्चेचे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु वडिलांकडून येणारे पैसे, त्या पैशांचा हिशेब, त्या हिशेबातून बाप-लेकांत साचत जाणारी कटुता, खोली, खाणावळ, मित्रांवर होणारा खर्च यांनी ही कादंबरी गच्च भरलेली असताना समीक्षेला ते बहुतांशी तपशील वाटले आणि 'निरर्थकता' तेवढी आशय वाटली. पांडुरंग खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरातला आहे, आणि तरीही त्याला शहराची किंमत मोजावी लागते. मग कोरडवाहू दोन एकरांच्या किंवा बिनजमिनीच्या घरातून येणाऱ्याचे काय, हा प्रश्न 'कोसला'च्या वाचनातून सहज निघायला हवा होता. तो फारसा निघाला नाही. कारण तो प्रश्न विचारणे म्हणजे ज्या विभागात बसून आपण ती कादंबरी शिकवतो त्या विभागाविषयीच बोलणे होते. पॅरिसच्या कॅफेपर्यंत जाणे त्यापेक्षा सोपे.

आनंद यादवांच्या 'झोंबी'चे (१९८७) याहून वेगळे झाले नाही. कागलच्या शेतकरी कुटुंबातला एक मुलगा शिक्षणासाठी बापाशी, दारिद्र्याशी, शेतातल्या कामाशी झुंजतो. पुढे तोच पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाचा प्रमुख होतो. येथे सत्काराची कथा आयतीच हाती आली. परीक्षेत प्रश्न येतो तो 'लेखकाची शिक्षणासाठीची धडपड' यावर. शाळेत जाऊ पाहणारा मुलगा हा त्या घराला कामाचा माणूस म्हणून का लागतो, खंडाने केलेल्या शेतीचे अर्थकारण बापाला क्रूर कसे बनवते, हे पुस्तकात जागोजाग असताना आम्ही बापाला खलनायक आणि मुलाला नायक करून मोकळे होतो. वर्गात समोर बसलेल्यांपैकी कित्येकांचे बाप याच अर्थकारणात अडकलेले आहेत, आणि त्या मुलांना आपण अप्रत्यक्षपणे सांगतो की शिकायचे असेल तर बापाविरुद्ध जिंकावे लागते. हे साहित्याचे अध्यापन नव्हे, ही प्रेरणादायी भाषणाची तयारी आहे.

मुलींचा प्रवास तर या चौकटीत बसतच नाही. मुलगा 'पळून' किंवा 'भांडून' शहरात येऊ शकतो. मुलगी येते ती परवानगी घेऊन, आणि ती परवानगी दर सहा महिन्यांनी नव्याने मिळवावी लागते. एक विषय राहिला, एखादी अफवा गावात पोहोचली, वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही, की ती परवानगी संपते आणि स्थळ बघितले जाते. म्हणून वसतिगृहाची यादी दोन आठवडे उशिरा लागणे ही मुलासाठी गैरसोय असते, मुलीसाठी ती शिक्षणाचा शेवट असू शकते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातल्या एका दलित घरातून रत्नागिरीला आणि पुढे मुंबईला गेलेली बाई संसार आणि नोकरी सांभाळून मराठीत एम.ए. करते. तिच्या शिक्षणाला घरातूनच विरोध झाला, आणि तो विरोध करणारे अडाणी नव्हते. आम्ही हे पुस्तक 'दलित स्त्री आत्मकथन' या खणात ठेवतो. 'विद्यापीठ आणि बाई' या खणात ठेवायला आमच्याकडे तो खणच नाही.

आता भाषेविषयी. गावाहून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली ओळख वर्गात होते ती त्याच्या 'न'ने. तो 'पानी' म्हणतो, 'कोनी' म्हणतो, आणि कोणीतरी गालात हसते. त्यानंतर बरेच महिने तो बोलत नाही. तोंडी परीक्षेत तो गप्प राहतो आणि शिक्षक समजतात की याचे वाचन नाही. मराठीच्या अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो, ही भाषाविज्ञानाच्या पहिल्या पाठातली गोष्ट. तो पाठ आम्हीच शिकवतो. बोलीविज्ञानाच्या तासाला जे 'वैशिष्ट्य' असते ते पुढच्या तासाला 'दोष' होते, आणि दोन्ही तास घेणारा शिक्षक कधीकधी एकच असतो.

यातली विसंगती पाहायची तर फार दूर जायला नको. मराठीतला पहिला महत्त्वाचा गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो तो 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपुराच्या परिसरात, महानुभावांच्या आश्रयाने सिद्ध झाला. त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा ज्या पुराव्यांचा गौरव झाला त्यांत या गद्याचे स्थान मोठे होते. पण त्याच परिसरातली मुलगी पुण्याच्या वर्गात 'मला'च्या जागी 'मले' म्हणाली, तर तो विनोद होतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, ज्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आली, त्या बाईंच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात. तिच्या बोलीत उत्तरपत्रिका लिहिली तर किती गुण पडतील, हे मात्र कोणी विचारू नये. अभिजात व्हायचे असेल तर एकतर सातशे वर्षे जुने व्हावे लागते किंवा निदान मरण पावलेले तरी असावे लागते. जिवंत बोलीला तो मान नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो : मग प्रमाणभाषा शिकवूच नये काय? शिकवावी, अवश्य शिकवावी. प्रमाणभाषेवाचून त्या विद्यार्थ्याला मुलाखतीत, न्यायालयात, वृत्तपत्रात, स्पर्धा परीक्षेत जागा मिळणार नाही आणि 'बोलीतच राहा' असे त्याला सांगणे ही दुसऱ्या प्रकारची फसवणूक ठरेल. हा लेखही आम्ही प्रमाणभाषेतच लिहीत आहोत. आमचे म्हणणे एवढेच की एक अधिकची भाषा शिकवणे आणि असलेली भाषा काढून घेणे यांत फरक आहे. इंग्रजी शिकवताना आपण विद्यार्थ्याला मराठी विसरायला सांगत नाही. प्रमाण मराठी शिकवताना मात्र त्याने आईची बोली वसतिगृहाच्या दाराबाहेर काढून ठेवावी अशी आपली अपेक्षा असते. 'न' आणि 'ण' यांवरून उच्चार कळतो. बुद्धी कळत नाही. हे मान्य करण्यासाठी कोणत्याही नव्या सिद्धांताची गरज नाही.

आता थोडे आमच्याच बाजूच्या लोकांशी. गावाहून आलेल्यांची बाजू घेणाऱ्यांत एक वर्ग असा आहे की जो गावाचे नाव निघताच गहिवरतो. माती, नाळ, मुळे, गावपण हे त्याचे आवडते शब्द. कवितासंग्रहांत आणि संमेलनांच्या भाषणांत हे शब्द इतके झिजले आहेत की त्यांवरचा छाप आता वाचता येत नाही. आम्हाला ही भाषा अमान्य आहे, कारण ती खोटी आहे. गाव सर्वांना सारखे नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि भारतीय खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे सांगितले, ते उगाच नव्हे. ज्याच्या घराला गावात वेगळा पाणवठा होता त्याच्यासाठी शहरातली आठ जणांची कोंदट खोली हीसुद्धा मोकळी हवा असू शकते. त्याला 'मातीशी नाळ तोडू नकोस' असे सांगणाऱ्याने ती नाळ त्याच्या गळ्याभोवती कशी होती हे आधी पाहावे. म्हणून आम्ही गावाच्या वतीने बोलत नाही. आम्ही बोलतो ते गावातून निघालेल्या माणसाच्या वतीने. विद्यापीठ त्याला परके करते याचा अर्थ गाव त्याचे होते असा होत नाही. कित्येकांना दोन्ही ठिकाणी जागा नसते, आणि साहित्याने व समीक्षेने पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे.

विद्यापीठाची शेतीच्या हंगामाशी असलेली गाठ तुटलेली नाही, हे अलीकडे दोनदा दिसले. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. परीक्षा शुल्काच्या माफीची चर्चा झाली. पण पुण्यात शिकणाऱ्या मुलाला त्या वर्षी परीक्षेपेक्षा मेसचे बिल मोठे होते. घरून पैसे आले नाहीत की एक वेळची मेस लावली जाते, आणि एक वेळ जेवणारा विद्यार्थी सौंदर्यशास्त्राच्या तासाला का पेंगतो याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात सापडत नाही. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, वसतिगृहे रिकामी करण्यात आली आणि वर्ग मोबाइलवर गेले. ज्यांच्या गावी रेंज नव्हती त्यांच्यासाठी विद्यापीठ त्या दिवशी बंद झाले. त्यांतले किती जण परत आलेच नाहीत, हे प्रत्येक विभागाला आपल्या हजेरीपटावरून काढता आले असते. शोधनिबंधांच्या ढिगात असा एक हिशेब असता तर तो आम्हाला अनेक प्रबंधांहून मोलाचा वाटला असता.

मग करायचे काय? आमच्या मागण्या फार तात्त्विक नाहीत. वसतिगृहाची यादी तासिका सुरू होण्याआधी लागावी आणि शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरल्यावर सत्कारासारखी न येता मेसचे बिल येते त्या महिन्यात यावी. विभागांनी पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या घरच्या बोलीत एक दीर्घ लेखन करायला लावावे आणि त्याला गुण द्यावेत. कोश, व्याकरण, शैलीविज्ञान यांचे अध्यापन त्या लेखनापासून सुरू व्हावे. तोंडी परीक्षेत उच्चारावर शेरा मारण्याची मुभा परीक्षकाला नसावी. 'ग्रामीण साहित्य' ही अभ्यासपत्रिका ठेवायचीच असेल तर तिच्यात विद्यापीठावरही एक घटक असावा : या विभागात कोण आले, कोण टिकले, कोणाच्या भाषेला साहित्य म्हटले गेले आणि कोणाच्या भाषेला तपशील. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांच्या जागा भराव्यात, हे तर वेगळे सांगायला नको. पण शासनाकडे मागणी करताना विभागातले कायम प्राध्यापक जो मौनाचा अभ्यास करतात तोही कुठेतरी नोंदवला जावा.

फुल्यांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले, कारण ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही त्या सभेशी आपल्या लोकांचे जमणार नाही असे त्यांचे मत होते. आज पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते आणि ते पत्र आमच्या अभ्यासक्रमांत समाविष्ट आहे. त्यावरही टिपा लिहिल्या जातात. परंतु त्या पत्राचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही, आणि ते उत्तर टिपांतून देता येणार नाही. ते देता येईल प्रवेशाच्या यादीतून, वसतिगृहाच्या यादीतून आणि शेवटी निकालाच्या यादीतून. या तिन्ही याद्यांत गावाहून आलेल्यांची नावे सारख्याच संख्येने दिसू लागतील, तेव्हा 'ग्रामीण साहित्य' ही स्वतंत्र अभ्यासपत्रिका बंद करायला आमची हरकत नसेल.